मधली सुट्टी संपल्यावर हात वर करणारा मुलगा

शाळेत मारामारी झाली, कुणाचं डोकं फुटलं, कुणी भर वर्गात शिक्षकांना उलटून बोललं, की शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "वचकच राहिला नाही." मग आपापल्या शाळेतल्या एखाद्या कडक मास्तरांची आठवण निघते. त्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं वर्ग चिडीचूप व्हायचा म्हणे. मी 24 वर्षं शिकवते आहे आणि त्यातली पहिली बरीच वर्षं मी स्वतः तशीच कडक बाई होते. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची आणि मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान कसा गेला ते सांगते.

सहावीचा वर्ग होता. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास माझा. घंटा होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच तिसऱ्या बाकावरून हात वर. "बाई, जाऊ का?" एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळजवळ रोज. मी चिडायचे. "आत्ताच सुट्टी झाली ना? तेव्हा काय करत होतास?" वर्ग हसायचा, तो खाली बघायचा. कधी मी सोडायचे, कधी मुद्दाम बसवून ठेवायचे. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हातानं शेरा लिहिला होता : तासाला व्यत्यय आणतो.

एके दिवशी सुट्टीत काही कामानं मी मुलांच्या स्वच्छतागृहाच्या बाजूनं चालले होते. दाराशी चार मुलं उभी होती. काही करत नव्हती, नुसती उभी होती. हा मुलगा कोपऱ्यापर्यंत आला, त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो तसाच मागे फिरला. थबकला नाही, घाबरल्यासारखंही दिसला नाही. रस्ता बंद असल्याचं रोज बघून ज्याची सवय झाली आहे असा माणूस जसा वळतो, तसा वळला. मी वर्गात गेले. त्याच्या बाकावर पाण्याची बाटली होती, तोंडापर्यंत भरलेली. अर्धा दिवस उलटून गेला होता आणि त्यानं घोटभरसुद्धा पाणी प्यायलं नव्हतं.

मी विचारलं तेव्हा तो दोन दिवस काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "बाई, ते बाहेरून दार धरून ठेवतात."

किती वेळ? घंटा होईपर्यंत. कधीपासून? चार महिने. कुणाकुणाला ठाऊक होतं? सगळ्या वर्गाला. माहीत नव्हतं फक्त मला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याला मी बेशिस्त म्हणून लिहून ठेवलं होतं, तो त्या मुलानं मारापासून वाचायला शोधलेला एकमेव उपाय होता. आणि दाराशी उभी राहणारी चार मुलं माझ्या वहीत कुठेच नव्हती. माझ्या तासाला ती अगदी शिस्तीत बसायची.

म्हणून मला आज हे सांगायचं आहे. हिंसा आणि बेशिस्त हे दोन वेगळे प्रश्न समजून आपण दोन वेगळ्या औषधांच्या मागे लागतो. पण शाळेतली हिंसा मुख्यतः तिथे राहते जिथे मोठी माणसं नसतात. जिना, स्वच्छतागृह, मैदानाचा मागचा कोपरा, दोन तासांमधली पाच मिनिटं, रिकामा तास, शाळा सुटल्यावरचा रस्ता. वचक या जागांपर्यंत पोहोचत नाही. तो बाईंच्या बरोबर वर्गात येतो आणि बाईंच्या बरोबरच निघून जातो.

हे काही माझ्या एकटीच्या अनुभवातलं नाही. 1982 च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत 10 ते 14 वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला सततचा छळ हेच त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं आणि अख्खा देश हादरला. 1983 साली तिथे देशभर मोहीम सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी बर्गन शहरातल्या सुमारे 2,500 मुलांवर अडीच वर्षं लक्ष ठेवलं आणि छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. त्यांनी असं केलं तरी काय? मुलांनाच निनावी प्रश्नावली देऊन काय घडतंय ते विचारलं. सुट्टीत मोठ्यांची देखरेख वाढवली. वर्गावर्गात मोजके, स्पष्ट नियम ठरवले. छळणाऱ्या मुलाशी, सोसणाऱ्या मुलाशी आणि त्यांच्या पालकांशी गंभीरपणे बोलणं केलं. छडी वाढवली नाही. हे वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते माझ्याच शाळेबद्दल. आमच्याकडे सुट्टी म्हणजे शिक्षकांचीही सुट्टी असते. आम्हीही दमलेले असतो, चार घास निवांत खावेत असं वाटतं, हे मी मनापासून जाणते. पण पाळीपाळीनं दोन जण बाहेर उभे राहिले तर उरलेल्यांना रोज बसता येतं. तेवढं जमवायला हवं.

मारण्याबद्दलही स्पष्टच बोलते, कारण ‘दोन ठेवून दिल्या की सरळ होतात’ हे आजही कितीतरी चांगली माणसं मनापासून मानतात. मीही मुलांवर हात उचलला आहे. मुलं सरळ झालेली मी पाहिली नाहीत, हुशार झालेली पाहिली. कुणासमोर काय करायचं नाही ते त्यांना कळलं. घरच्या मारावर 2016 साली अमेरिकेत एक मोठा आढावा झाला. त्यात 1 लाख 60 हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली होती. मार खाणाऱ्या मुलांचं वागणं सुधारल्याचं त्यात दिसलं नाही. उलट आक्रमकता आणि मानसिक त्रास यांच्याशीच माराचा संबंध आढळला. आणि ‘शिक्षक मारणं सोडतील हे शक्यच नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी युगांडाचं उदाहरण आहे. तिथल्या 42 प्राथमिक शाळांत एक चाचणी झाली. निम्म्या शाळांत शिक्षक, मुलं आणि शाळेचं प्रशासन यांनी मिळून शिस्तीच्या पद्धती बदलायचं काम 18 महिने केलं. त्यानंतर मागच्या आठवड्यात शिक्षकांचा मार खाल्ल्याचं सांगणारी मुलं या शाळांत 31 टक्के होती, इतर शाळांत 49 टक्के. 31 टक्के म्हणजे अजूनही फारच आहे. पण दीड वर्षात एवढा फरक पडतो, म्हणजे ही सवय आहे, नशीब नव्हे.

मात्र याचा अर्थ ‘मुलांना काही बोलूच नका’ असा कुणी काढत असेल तर मला ते मुळीच मान्य नाही. ढिसाळ वर्गात सगळ्यात जास्त हाल अशक्त मुलाचे होतात. बाई प्रेमळ आहेत पण नियम पाळले जात नाहीत, असा वर्ग म्हणजे दांडगटांचं राज्य. शिस्त हवीच, ती कमजोर मुलांसाठी हवी. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं 1970 चं काम मला इथे फार मोलाचं वाटतं. त्यांनी वर्गांचं चित्रीकरण करून तासन्‌तास पाहिलं. शिस्तीचे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांत शिक्षक खोडी झाल्यावर काय करतात, याचा फारसा फरक त्यांना सापडला नाही. फरक होता तो खोडीच्या आधी. चांगल्या शिक्षकाला वर्गात कुठे काय शिजतंय ते सतत कळत असे, मुलांनाही त्याला ते कळतंय हे ठाऊक असे, आणि शिकवण्याचा ओघ तुटत नसे. फळ्याकडे तोंड करून दहा मिनिटं लिहीत राहिलं की मागे काय होतं, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा.

शिक्षा मोठी असून भागत नाही, दखल नक्की घेतली जाणार हे मुलाला माहीत असावं लागतं. एकदा सोडून द्यायचं आणि दुसऱ्यांदा शाळेतूनच काढायचं, यातून मुलं फक्त नशीब आजमावायला शिकतात.

आता बघ्यांबद्दल. ‘सगळ्या वर्गाला माहीत होतं’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून पाहिलं होतं. छळाच्या दर 10 प्रसंगांपैकी जवळजवळ 9 प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. मध्ये पडणारी फार थोडी. पण कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार 10 सेकंदांच्या आत थांबला. 10 सेकंद! आपण मात्र मध्ये पडणाऱ्याला, येऊन सांगणाऱ्याला काय म्हणतो? चुगलीखोर. मीच कितीदा म्हटलं असेन, "चुगल्या आणू नकोस, आपापसात मिटवा." चुगली म्हणजे कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं आणि तक्रार म्हणजे कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं, हा फरक मी आता वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात समजावते. सहावीच्या मुलांना तो एका तासात कळतो.

आणखी एक चूक सांगून ठेवते, कारण ती सर्रास होते. दोघांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा, सॉरी म्हणा, आता मित्र व्हा." भांडण दोन बरोबरीच्या मुलांचं असेल तर हे ठीक आहे. एक जण सतत मारतो आणि एक सतत सोसतो, तिथे हे भांडण नसतंच. तिथे हात मिळवायला लावलं तर शाळा सुटल्यावर त्या हाताची किंमत सोसणारा मोजतो.

त्या चौघांशी मी वेगवेगळं बोलले. ओरडले नाही. तुम्ही काय करता ते मला माहीत आहे, ते आजपासून बंद, आणि मी रोज बघणार आहे, एवढं सांगितलं. त्यातला एक रडायलाच लागला. म्हणाला, "बाई, मलापण सुट्टीत खेळायचं असतं. पण तो बोलावतो मग जावं लागतं." म्हणजे त्या दारापाशी अडकलेली मुलं दोन होती, एक आतून, एक बाहेरून. म्होरक्या असलेला मुलगा मात्र लगेच बदलला नाही. स्वच्छतागृह सोडून त्यानं जिना धरला. मग आम्ही जिन्यात उभे राहिलो. त्याच्या घरी बोललो, पुन्हा बोललो, त्याला मैदानावरच्या सामानाची जबाबदारी दिली, ती त्यानं एकदा मोडली, पुन्हा दिली. जवळजवळ वर्ष गेलं. असं पटकन काही होत नाही, आणि पटकन झालं असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही.

पालकांनो, एक विनंती. घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" हे आपण सगळेच विचारतो. "मधल्या सुट्टीत कुठे होतास, कुणाबरोबर होतास?" हेही विचारा. डबा, बाटली बघा. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं का बघा. आणि "तूही एक ठेवून द्यायची" हा सल्ला देऊ नका. ज्याला ते जमलं असतं त्यानं ते केव्हाच केलं असतं.

मी आता दरवर्षी मुलांना शाळेचा हातानं काढलेला नकाशा देते. नाव लिहायचं नाही, जिथे भीती वाटते तिथे फुली मारायची. पहिल्या वर्षी बहुतेक फुल्या अपेक्षित जागी आल्या : स्वच्छतागृह, जिना, मागचं फाटक. पण 11 नकाशांवर एक फुली अशा जागी होती की आधी मला वाटलं, मुलांचा काही गोंधळ झाला. माझ्याच वर्गाच्या दाराबाहेर, व्हरांड्यात. मी गोंधळ घालणाऱ्यांना तास संपेपर्यंत जिथे उभं करत असे, ती जागा. येणारे-जाणारे टपल्या मारून जात, दप्तरं आपटत, आणि दार मी आतून लावलेलं असे.

ते दार आता उघडं असतं आणि व्हरांड्यात कुणी उभं नसतं.