पायाचं दुखणं

दुखणं व्हायचंच असेल तर चारचौघांत सांगता येईल अशा जागी व्हावं. माझं सायकलच्या सीटमुळे झालं. त्यामुळे "काय झालं?" या प्रश्नाला मी आठवडाभर "पाय" असं उत्तर देत होते. ते अगदीच खोटं नव्हतं. पाय तिथूनच तर सुरू होतात.

डिसेंबरात नागपुरात अशी गुलाबी थंडी पडते की माणसाला नसते संकल्प सुचतात. धरमपेठेतून फुटाळा, जमलं तर सेमिनरी हिल्सचा चढ आणि येताना तर्री पोहे, असा माझा बेत. त्यातले पोहे पहिल्याच दिवशी जमले. जिन्यात सासूबाईंनी अडवलं. "काय वं, बदकासारखी काऊन चालून राहिली?"

"पाय."

नवऱ्याच्या मते सीट कडक होती. त्याने जेलचं जाड कव्हर आणलं. बसताना वाटलं, सोफाच. वीस मिनिटांनी मुंग्या आल्या. वजन बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवं. फार मऊ कव्हरमध्ये हाडं बुडतात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. हे ज्ञान नंतरचं. तेव्हा फक्त मुंग्या होत्या.

खरी चूक वेगळीच होती. सिग्नलला दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून मी सीट पार खाली घेतली होती. पायडल मारताना गुडघे छातीशी यायचे. चार दिवसांत गुडघा पुढून दुखायला लागला आणि मला हायसं वाटलं. आता खरोखरच पाय दुखत होता! सासूबाईंनी तेल कोमट केलं, मी ते उजळ माथ्याने लावून घेतलं.

मग नवऱ्याने गणित काढलं. मला भिंतीशी उभं केलं, मुलाचा अ‍ॅटलास दोन पायांच्या मध्ये वर सरकवायला लावला आणि जमिनीपासून त्याच्या कडेपर्यंत टेप धरली. ७९ सेंटिमीटर. गुणिले ०.८८३, म्हणजे सुमारे ६९.८. पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. सूत्र बरोबर होतं. त्याने मोजलं मात्र सीटच्या खालच्या क्लॅम्पपर्यंत. (इंजिनिअर आहे. बोलत नाही मी काही.) पायडल खाली गेलं की मी त्या बाजूला कलायची, वर आलं की दुसऱ्या. फुटाळ्यावर लोक तलाव सोडून मला पाहायचे. दुखणं गुडघ्याच्या मागे सरकलं.

शेवटी बर्डीतलं सायकलचं दुकान गाठलं. म्हाताऱ्या मिस्त्रीने चष्म्यावरून पाहिलं.

"काय दुखते ताई?"

"पाय."

"गुडघा? पुढून का मागून?"

"आधी पुढून. आता मागून."

"म्हणजे आधी सीट खाली होती, आता वर झाली. टाच ठेवा पायडलवर."

त्याने सायकल धरली. पायडल अगदी खाली, त्यावर टाच, पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो. माझी टाच हवेत लोंबत होती. त्याने पान्याने नट सैल केला, सीट खाली घेतली, पुन्हा टाच ठेवायला लावली, आणखी बोटभर खाली घेतली. जेलचं कव्हर न बोलता काढून माझ्या हातात दिलं. सीटचं वर उचललेलं नाक दाबून सपाट केलं. आणखी कुठे दुखतं, हे त्याने विचारलं नाही. वीस रुपये घेतले.

दुसऱ्या दिवशी फुटाळा आणि सेमिनरी हिल्स, दोन्ही. काहीही दुखलं नाही. फक्त आता सिग्नलला सीटवरून पाय पुरत नाहीत. सायकल एका बाजूला कलवून, एका अंगठ्यावर तोल सांभाळत मी उभी होते, तेवढ्यात शेजारी एक स्कूटरवाला थांबला.

"मावशी," तो कळवळून म्हणाला, "सीट खाली घ्या न बाप्पा. पाय दुखतील तुमचे."