रक्तशुद्धीवाल्यांनो, आधी हिमोग्लोबिन बघा

आज सकाळी पेपर उघडला तर आतून एक गुळगुळीत पत्रक पडलं. गर्भसाधना शिबिर! उंच, गोरी, तेजस्वी आर्य संतती हवी? इंग्रजी गोळ्या बंद करा, मंत्र म्हणा, आमच्या चूर्णानं रक्त शुद्ध करा. खाली ठळक अक्षरांत, 'जर्मनीत सिद्ध झालेलं शास्त्र.' एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. बेळगावात जन्म काढल्यावर दोन्ही वाचता येतं. मराठी बाजूला आपण सह्याद्रीतले शुद्ध क्षत्रिय, आणि पान उलटलं की सगळ्यांत शुद्ध रक्त चालुक्यांच्या वारसांचं! गोरं बाळ आणि फोन नंबर मात्र दोन्हीकडे तेच.

हसून सोडलं असतं. पण दुपारी हेच पत्रक आमच्या शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलं, 'सुनेला पाठवते' म्हणून. वर जोडलेल्या हातांची रांग. तेव्हा डोकं फिरलं.

माझी मामेबहीण खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात दिलीय. पहिल्या खेपेला आशाताई तिला लोहाच्या लाल गोळ्या आणून द्यायची. सासूबाई त्या परड्यात फेकायच्या. का, तर गोळ्यांनी बाळ काळं होतं! त्याऐवजी केशराचं दूध आणि कुठल्याशा महाराजांचं 'वंशतेज' चूर्ण. अगं बायांनो, त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. रोज एक, निदान 180 दिवस. रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. बहिणीला जिन्यावर धाप लागायला लागली तरी घरात म्हणत होते, तेज वाढतंय.

आणि जर्मनीचं नाव घेता ना? मग पूर्ण घ्या की. तिथं हिटलरच्या नाझी सरकारनं 1933 च्या जुलैत कायदा केला आणि 'वंश निरोगी राहावा' म्हणून सुमारे 4 लाख माणसांची जबरदस्तीनं नसबंदी केली. दाखाऊच्या छळछावणीला लागून हिटलरच्या उजव्या हाताचा, हिमलरच्या एसएस या नाझी दलाचा, औषधी वनस्पतींचा मळा होता. निसर्गोपचाराचं भारी कौतुक त्यांना, आणि त्या मळ्यात राबून कैदी मरत होते. हे सगळं 1945 ला संपलं म्हणाल, तर तेही नाही. हामर नावाचा जर्मन डॉक्टर सांगत सुटला की कॅन्सर मनाच्या धक्क्यानं होतो आणि केमोथेरपी हा ज्यूंचा कट आहे. 1986 मध्ये त्याचा परवाना गेला, तरी लोक त्याच्यामागे गेले आणि त्यातले किती तरी जिवाला मुकले. स्वतःच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया मात्र त्यानं करून घेतली होती!

आपल्या इरावती कर्वे 1927 च्या सुमाराला बर्लिनला गेल्या, ऑयगन फिशर नावाच्या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली. गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच श्रेष्ठ, असं त्या गुरूचं म्हणणं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि त्याला लिहून दिलं, वंशाचा आणि याचा काही संबंध दिसत नाही. नाव घ्यायचंच तर त्यांचं घ्या.

आता कुणी तरी येईल आयुर्वेदाचा अपमान झाला म्हणून. बाबा रे, काढा मीही पिते. आणि काही डॉक्टर लुटतात, तेही खरं. पुढे?

पुढे हे, की बहिणीला आठव्या महिन्यात चक्कर येऊन पडल्यावर बेळगावला आणलं. हिमोग्लोबिन 6. मोठ्या दवाखान्यात रक्ताची पिशवी लावली तर सासूबाई नर्सला विचारतायत, "कुणाचं रक्त हे?" ती सलाईन नीट करता करता कानडीत म्हणाली, "ओ पॉझिटिव्ह ऐतरी अज्जी."

त्या म्हातारीवर मला फार रागावता येत नाही. मामी सांगते, तिच्या स्वतःच्या लग्नात रंगावरून दोन तोळे जास्त मोजून घेतले होते. तिला जन्मभर जे टोचलं ते नातवंडाला टोचू नये, एवढंच तिला वाटलं असणार. राग येतो तो हॉल भाड्यानं घेऊन तिच्या त्या दुखण्यावर चूर्ण विकणाऱ्यांचा. सीमाभागात आपण 1956 पासून भाषेसाठी भांडतोय. तो अभिमान आहेच, असणारच. पण कुणी येऊन 'तुमचं रक्तच वेगळं' म्हणालं की आपली छाती लगेच फुगते, आणि चूर्णवाल्याला ते बरोबर ठाऊक आहे. छाती पुरुषांची फुगते, गोळ्या बायकांच्या बंद होतात.

ज्या मैत्रिणीनं ते पत्रक टाकलं तिला मी ग्रुपवर काही बोलले नाही, फोनच केला. सून पाचव्या महिन्यात आहे. गोळ्या चालू ठेव म्हटलं, शौच काळी होते त्याला घाबरू नकोस, बाळ काळं होत नाही. 'बघते' म्हणाली. उद्या परत करणार आहे फोन.

मामेबहिणीला मुलगी झाली, थेट बापाच्या वळणावर, सावळी. सासूबाईंचा जीव आहे तिच्यावर. पण विषय निघाला की अजून म्हणतात, तेवढं केशर भेसळीचं निघालं.