काहीही न करण्याचे कष्ट

घाबरट कुत्रं दत्तक घेतलं की घरातल्या माणसांना मुख्य काम एकच असतं, ते म्हणजे काहीही न करणं. आणि या कामात माणसाइतका नालायक प्राणी मी पाहिलेला नाही. मऊ गादी आलेली असते, खेळण्यांची टोपली आलेली असते, नावावरून भांडणंही उरकलेली असतात. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मात्र आल्या आल्या सोफ्याखाली शिरतं आणि बाहेर उरतं फक्त शेपटीचं टोक. लगेच घरादाराने पालथं पडून "ये ना, ये ना" सुरू. सोफ्याखालून पाहिलं तर ओळीने अनोळखी तोंडं, आणि सगळ्यांचे दात बाहेर. तुम्ही आला असतात?

तर राहू द्यावं खाली. त्याहून बरं म्हणजे, ते घरी यायच्या आधीच वर्दळीपासून लांबचा एक कोपरा त्याच्या नावावर करावा. मोठा पिंजरा किंवा टेबलाखालची जागा, तीन बाजूंनी चादर, आत अंथरूण. पिंजऱ्याचं दार सताड उघडं. ते बंद केलं की कोपऱ्याचा तुरुंग होतो. पाणी दोन पावलांवर हवं, कारण त्यासाठी माणसांनी भरलेली खोली ओलांडायची असेल तर कुत्रं तहानलेलं राहणं पसंत करतं. फरशी गुळगुळीत असेल तर कोपऱ्यापासून दारापर्यंत न सरकणाऱ्या चटया टाकाव्यात. भीतीने कुत्र्याच्या पंजांना घाम येतो, फरशीवर ओले ठसे उमटतात. त्यात पाय सटकला की त्याला आता फरशीचीही भीती. आणि त्या कोपऱ्यात माणसांना प्रवेश बंद. "एकदाच डोकावून येतो" हेसुद्धा चालणार नाही.

पहिला दिवसभर ते जेवणाला तोंड लावत नाही, आणि इथे घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मग हातात घास घेऊन मागे मागे फिरणं सुरू होतं. वाटी ठेवावी, वीस मिनिटं तिथून नाहीसं व्हावं, उरलेलं उचलावं. दोन दिवस पोटात काहीच गेलं नाही, पाणीही बंद आहे किंवा उलट्या-जुलाब होताहेत, तर थेट डॉक्टर गाठावा. पिल्लू असेल तर इतकीही वाट पाहू नये. आधी जे खात होतं तेच काही दिवस चालू ठेवावं. मग तीन भाग जुनं आणि एक भाग नवं असं सुरू करून आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलावं. एका झटक्यात बदललं की पोट बिघडतं आणि आळ जातो भीतीवर. गुन्हेगार असतं ते कौतुकाने आणलेलं नवं पाकीट.

कुत्रं बोलत असतं, आपण भलतंच ऐकतो. झोप नसताना दिलेली जांभई, समोर खाणं नसताना चाटलेले ओठ, वळवलेली मान, डोळ्याच्या कडेला दिसणारी पांढरी कोर, या सगळ्याचा अर्थ "जरा लांब व्हा" असा असतो. आपण म्हणतो, "झोप आली बाळाला," आणि घेतो मांडीवर. बिचारं शेवटी गुरगुरतं, तर त्यालाच रागावतो. गुरगुरण्यावर ओरडू नये. ओरडलं तर ते भ्यायचं थांबत नाही, फक्त पूर्वसूचना देणं थांबवतं. पुढच्या वेळी एकदम दात लागतात.

मात्र सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे "कुत्र्यांना मी फार आवडतो" असं सांगत येणारे पाहुणे. ते समोरून चालत येतात, वाकतात, डोळ्यांत डोळे घालतात आणि वरून डोक्यावर थोपटतात. घाबरट कुत्र्याला जे जे नको, ते सगळं चार सेकंदांत पार पडतं. पहिले पंधरा दिवस तरी यांना फोनवरच भेटावं. आलेच, तर खुर्ची द्यावी, बाजूला तोंड करून बसवावं आणि मोबाइल बघायला सांगावं. हातात खाऊचे वाटाण्याएवढे तुकडे द्यावेत, पण ते कुत्र्याच्या पलीकडे, पाठीमागे टाकायचे. तुकडा आपल्याकडे टाकला की कुत्रं मान पुढे, मागचे पाय मागेच अशा अवस्थेत ताणत येतं. खाऊ संपतो, आणि आपण नको इतके जवळ आलोय हे कळल्यावर ते दचकून चावूही शकतं. मागे टाकला तर खाऊही मिळतो आणि अंतरही. मग पुढचा तुकडा मागायला ते आपल्या पायांनी येतं. हात लावायचा तो छातीला, तीन सेकंद, आणि थांबायचं. टेकलं तर पुन्हा. तोंड फिरवलं तर विषय संपला.

बाहेर नेताना मात्र स्वस्थ बसून चालत नाही, तिथे डोळ्यांत तेल घालावं. घाबरलेलं कुत्रं पुढे पळत नाही, मागे सरकतं आणि डोकं खाली घालून पट्ट्यातून अलगद निसटतं. म्हणून छातीभोवती बांधायचं, पोटाला दुसरा पट्टा असलेलं हार्नेस, गळपट्टा वेगळा आणि दोन्हींना स्वतंत्र दोरी. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत, तीन नकोत. फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि एरवी दर दोन-तीन तासांनी एकाच ठरलेल्या जागी न्यावं. घरातच शू झाली तर एन्झाइमवाल्या द्रावणाने पुसावं. अमोनियाच्या क्लीनरचा वास लघवीच्याच जातीचा असल्याने तो तिथे पुन्हा बोलावणं धाडतो. रागावलं तर कुत्रं एवढंच शिकतं की हे काम पडद्यामागे करायचं असतं. अंघोळ पुढे ढकलावी, वासाने कुणी मेलेलं नाही. डॉक्टरकडची तपासणी ढकलू नये, कारण भित्रेपणाच्या मुळाशी कधी कधी दुखरा कान किंवा सांधा निघतो.

एकटं ठेवण्याचा सराव सेकंदांत मोजायचा. आधी नुसत्या किल्ल्या वाजवून पुन्हा बसायचं, आणि त्या आवाजाकडे ते ढुंकूनही बघेनासं होईपर्यंत हेच करायचं. मग दाराबाहेर पाच सेकंद, पुढे दहा. ते रडायला लागायच्या आत परतायचं. रडलं तर आपण घाई केली, पुढच्या खेपेला वेळ कमी. निघताना सीमेवर चालल्यासारखा निरोप घेऊ नये.

किती दिवस लागतात? जाणकार ढोबळमानाने सांगतात की भेदरलेपण उतरायला 3 दिवस, घराची रीत कळायला 3 आठवडे आणि घर आपलं वाटायला 3 महिने. काहींना वर्षही लागतं. तोवर घरातले कुजबुजत बोलायला आणि मिक्सर लावताना आधी कोपऱ्याकडे बघायला शिकलेले असतात. मग एके दिवशी बेल वाजते आणि सोफ्याखाली पळणारं ते कुत्रं दारापाशी उभं राहून छाती काढून भुंकतं. घरात आनंदीआनंद! आठवड्याभरात तेच लोक विचारू लागतात, "याचं भुंकणं बंद कसं करायचं?"