छोटे शंटिंग इंजिन अडखळणारच, हे खरे नाही

मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींमध्ये शंटिंगच्या, म्हणजे यार्डात वाघिणी हलवणाऱ्या, छोट्या इंजिनांविषयी एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. नवीन माणसाच्या कानावर तो हमखास पडतो. थोडक्यात असा: "छोटी शंटिंग इंजिने हळू चालतच नाहीत, त्यांची मोटर दुबळी असते. फ्लायव्हीलवाले (मोटरच्या दांड्यावर जड चक्र असलेले) बघून घ्या, चाकांना रबर टायर चढवा, रूळ सँडपेपरने घासा. तरी जमले नाही तर डीसीसी (डिजिटल नियंत्रण) करा, कीप-अलाइव्ह (वीज साठवणारा कपॅसिटर) टाका. तेही फसले तर मोठे इंजिन घ्या." यातले प्रत्येक वाक्य चुकीचे किंवा अर्धवट आहे. आपल्याकडे ही इंजिने बहुतेक बाहेरून, सीमाशुल्क भरून मागवावी लागतात. अशा सल्ल्यापायी चांगले चालू शकणारे इंजिन माळ्यावर जाऊन पडते, याचे फार वाईट वाटते.

मोटर दुबळी असते, हा पहिला मुद्दा. त्याआधी "हळू" म्हणजे किती ते ठरवू. एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, ताशी ५ किमीचा शंटिंगचा वेग म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ मिमी. एक मीटर रूळ कापायला इंजिनाला ६३ सेकंद लागले पाहिजेत. ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या एसडब्ल्यू१२०० या शंटिंग इंजिनाची ४० इंची चाके या मापात ११.७ मिमी व्यासाची होतात. या वेगाला ती मिनिटाला २६ फेरे घेतात. गिअरचे प्रमाण १४:१ असेल तर मोटर ३६५ फेऱ्यांवर फिरते, ३०:१ असेल तर ७८० वर. १२ व्होल्टला हजारो फेरे घेणाऱ्या मोटरला एवढे सावकाश, न अडकता फिरायला लावणे, हे खरे आव्हान. त्याचा ताकदीशी संबंध नाही. ताकदीचा हिशोब तर सरळ आहे: २५० ग्रॅमचे इंजिन सर्व चाकांवर जोर असेल तर ५० ग्रॅमच्या आसपास ओढते. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे वजन भरलेली ४० फुटी वाघीण १०६ ग्रॅमची असते आणि सपाट रुळावर तिला २-३ ग्रॅम ओढ पुरते. शंटिंगला लागतात तेवढ्या वाघिणी सहज निघतात.

मोटरवर आरोप करण्याआधी एक परीक्षा करा. इंजिन फोममध्ये उलटे ठेवा, साध्या डीसी कंट्रोलरच्या दोन तारा थेट मोटरच्या टोकांना लावा (डीकोडर, म्हणजे डीसीसीचे आदेश वाचणारे सर्किट, असेल तर आधी तो मोटरपासून सोडवा) आणि नॉब अगदी हळू फिरवा. चाके एकसारखी फिरली तर मोटर निर्दोष आहे, दोष चाकांपासून मोटरपर्यंतच्या वाटेत शोधा. दर फेऱ्याला एकदा "टक" असा आवाज आला आणि चाक तिथेच अडले, तर अॅक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर तडकलेला असण्याची शक्यता मोठी. तो घट्ट बसवलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने चिरतो. भिंगातून पाहिले की दोन दातांच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसते. तो चिकटवू नका, बदला. चिकटवलेल्या जागी दातांमधले अंतर पुन्हा नीट येत नाही.

फ्लायव्हीलचा मुद्दा निम्मा खरा आहे. वेगात असताना ते इंजिनाला धुळीच्या ठिपक्यावरून पुढे नेते. पण फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १०,००० फेऱ्यांना जेवढी साठते, तिचा साधारण साडेसातशेवा भाग ३६५ फेऱ्यांना उरतो. त्यात मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा वर्म गिअर चाकांकडून उलटा फिरवता येत नाही, म्हणजे मोटर थांबली की चाके जागच्या जागी थांबतात. सरपटत्या वेगाला फ्लायव्हीलवर विसंबू नका.

आता मूळ दुखण्याकडे येऊ, कारण सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. चार पायांचे स्टूल फरशीवर डुगडुगते, तिपाई कधीच डुगडुगत नाही. ताठ सांगाड्याचे चार चाकी इंजिन हे ते स्टूल आहे. रूळ किंचित वाकडा असला की तीनच चाके खात्रीने टेकतात, म्हणजे एका रुळावर वीज उचलायला एकच चाक उरते. त्याखाली मळाचा ठिपका आला की इंजिन थांबले. एसडब्ल्यू१२०० चे दोन बोगी स्वतंत्र हलतात. टोकाच्या अॅक्सलमधले अंतर एचओत १०५ मिमी भरते, एका बोगीतले २८ मिमी. आठही चाकांनी वीज उचलली तर हे इंजिन रडतच नाही. ब्रिटिश क्लास ०८ या सहा चाकी शंटिंग इंजिनाच्या टोकाच्या अॅक्सलमधले अंतर ११ फूट ६ इंच, म्हणजे ओओ मापात (१:७६) ४६ मिमी. तिथे मधल्या अॅक्सलला वर-खाली अर्धा मिमी खेळ हवा, नाहीतर तीच इंजिनाला उचलून धरते.

आठही किंवा सहाही चाके खरोखर वीज उचलतात का, हे मल्टिमीटरने तपासा. इंजिन उलटे ठेवून एक टोक त्या बाजूच्या तारेला आणि दुसरे प्रत्येक चाकाला लावा; वाचन एक ओहमच्या आत हवे. एखादे चाक मुके निघाले तर त्याच्या मागची, चाकाला टेकून वीज घेणारी वायपर पट्टी काळी झालेली किंवा चाकापासून सुटलेली असते. चाक अर्धा मिमी आत-बाहेर सरकवून पाहा; पट्टी चाकासोबत यायला हवी. फार दाबून वाकवली तर तीच ब्रेक लावते, म्हणून हलका स्पर्श पुरे.

रूळ बदलण्याच्या सांध्यांवरही हाच नियम. फ्रॉगचा, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेचा, बिनविजेचा भाग फूटपट्टीने मोजा. इंजिनाच्या टोकाच्या वीज उचलणाऱ्या चाकांमधले अंतर त्याहून कमी असेल, तर इंजिनावर कितीही काम करा, तिथे ते थांबणारच. धातूच्या फ्रॉगला तार डाखून ती सांधा बदलणाऱ्या पॉइंट मोटरच्या जोड-स्विचमधून न्या. तारा उलट लागल्या तर गाडी फ्रॉगवर आली की शॉर्ट होतो. मग दोन तारांची अदलाबदल करा. आणि रुळांच्या जोडपट्ट्यांवर वीज सोपवू नका, ९१ सेंमीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार द्या.

रबर टायरचा सल्ला मात्र सरळ नुकसान करतो. चार चाकी इंजिनाच्या एका अॅक्सलला टायर चढवले की दोन चाके विजेच्या दृष्टीने बाद होतात आणि प्रत्येक रुळावर एकच चाक उरते. ओढ वाढवायची तर वजन वाढवा: शिशाचा पत्रा किंवा टंगस्टनची पुट्टी. समतोल पेन्सिलीवर इंजिन आडवे टेकवून पाहा, तो चाकांच्या मधोमध यायला हवा. वजन किती? पूर्ण व्होल्टेजला इंजिन धरून ठेवले तर चाके घसरली पाहिजेत. मोटर थांबली तर वजन जास्त झाले.

सँडपेपरने रुळावर ओरखडे पडतात आणि मळ नेमका त्यांतच बसतो. स्टील वूल त्याहून वाईट, कारण त्याचे तंतू मोटरचे चुंबक ओढून घेते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घ्या, पुसा, मग कोरड्या कापडाने पुसा. हाताला लावायचे सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असते. चाकांसाठी त्याच अल्कोहोलने ओला केलेला पेपर टॉवेल रुळांवर आडवा टाका, एक बोगी त्यावर, दुसरी रुळावर, आणि इंजिन हाताने धरून चाके फिरू द्या. पेपरवर दोन काळ्या रेघा उमटतील. त्या फिकट होईपर्यंत जागा बदलत राहा.

डीसीसीने चालणे आपोआप सुधारत नाही. वीज क्षणभर तुटली तर डीकोडर पुन्हा सुरू होतो आणि आवाजवाल्या इंजिनाचा आवाज पहिल्यापासून चालू होतो. ते करायचेच असेल तर सीव्ही (डीकोडरमधल्या क्रमांकित सेटिंग) ३ आणि ४ शून्यावर ठेवून १२८ पायऱ्यांतली पहिली पायरी लावा आणि सीव्ही २ एकेकाने वाढवत न्या. इंजिन हलायला लागले की थांबा.

कीप-अलाइव्ह चांगली गोष्ट आहे, पण किती, ते मोजा. मोटर ०.१ अँपिअर घेत असेल आणि व्होल्टेज ६ ने उतरेपर्यंत चालत असेल, तर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६० मिलिसेकंद पुरतो, म्हणजे सरपटत्या वेगाला फक्त १ मिमी. ०.४७ फॅरड, २.७ व्होल्टचे सहा सुपरकपॅसिटर सरीत जोडले तर पावणेपाच सेकंद, साधारण ७५ मिमी. चार्जिंगच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि उलट्या दिशेला डायोड घाला, ध्रुव उलटे लावू नका. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सीव्ही वाचण्या-बदलण्याच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचता येत नसतील तर आधी कपॅसिटरची एक तार सोडवा, दोष बहुधा तिथेच असतो.