'स्टेट' म्हणजे काय ते लिहा की ओ!

एआय एजंट आमची बिलं काढतो, ज्या टूलने (सॉफ्टवेअरने) काढतो त्यातला एक रकाना. नाव 'स्टेट', प्रकार स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर, वर्णनाची जागा कोरी. टूल लिहिणाऱ्याचं काम संपलं!

त्या कोऱ्या जागेपायी आज सकाळी बेळगावच्या उद्यमबागेतून कोल्हापूरला जाणाऱ्या दोन लाखांच्या कास्टिंगचं बिल चुकलं. एजंटने 'स्टेट'मध्ये 'ड्राफ्ट' भरलं. का भरू नये? इंग्रजीत स्टेट म्हणजे राज्यही आणि अवस्थाही. बिल अजून पक्कं नव्हतं, म्हणून त्याने अवस्था लिहिली. टूलला हवा होता राज्याचा कोड. बरं, चुकीचं आलं तर अडवावं की नाही? टूलने 'ड्राफ्ट' मुकाट टाकून दिलं आणि स्वतःच्या मनाने २९ धरलं. २९ म्हणजे कर्नाटक. माल घेणारा महाराष्ट्रातला, कोड २७. १८ टक्क्यांनी आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर, ३६,००० लागायचा, तिथे राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी १८,००० आणि एसजीएसटी १८,००० लागले. बेरीज तीच, त्यामुळे ई-वे बिल (माल वाहतुकीचं) काढायला बसेपर्यंत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ट्रक भरून उभा!

आणि टूलवाल्यांचं उत्तर काय, तर 'तुमच्या एआयला समजत नाही.'

समजेल असं लिहिलंय कुठे? ऑफिसात नवा पोरगा आला तर शेजारच्या टेबलाला विचारतो, 'अण्णा, इथं काय घालू?' एजंटला शेजारचं टेबल नाही. तुमचा कोड तो बघत नाही, तुमचा ट्रेनिंगचा व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचत नाही. टूलचं नाव, टूलचं वर्णन, रकान्यांची नावं आणि वर्णनं, एवढ्यावर तो ठरवतो. ते कोरं ठेवलंत की तो अंदाज करणार. 'बिल तयार करते' हे काय वर्णन झालं? ते नावावरूनच कळतं.

लिहायचं होतं ते एवढंच. रकान्याचं नाव 'प्लेस_ऑफ_सप्लाय_कोड'. वर्णन: 'पुरवठ्याच्या ठिकाणाच्या राज्याचा दोन अंकी जीएसटी कोड. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. बिलाची अवस्था इथे लिहू नये, त्यासाठी बिल_स्टेटस.' चालणाऱ्या कोडची यादी एनममध्ये (ठरलेल्या किमतींच्या यादीत) द्यायची, रकाना रिक्वायर्ड म्हणजे सक्तीचा करायचा आणि ते डीफॉल्ट २९ उपटून फेकायचं. सीमेवरच्या गावात राज्य गृहीत धरणारं टूल विकता तरी कसं? इथून निम्मा माल निपाणी ओलांडून पलीकडे जातो!

एररचंही तेच. दुसऱ्या रकान्यात चूक झाली तर 'इनव्हॅलिड इनपुट'. कोणता इनपुट? काय आलं, काय हवं होतं? 'तारीख ०५/०६/२०२५ अशी आली, २०२५-०६-०५ अशी हवी' एवढं लिहिलं तर एजंट पुढच्याच खेपेला बरोबर भरतो. नाहीतर पाच जून की सहा मे, फिरवून फिरवून तेच पाठवत बसतो.

वजनाचा रकाना 'क्वांटिटी'. किलो, क्विंटल की टन? ५ लिहिलं तर पाच काय? तंबाखूवाल्याचं आणि उसाच्या गाडीचं पाच सारखं का?

गावांच्या नावांचा घोळ तर विचारू नका. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या पार्ट्या इंग्रजीत 'बेलगाम' म्हणूनच नोंदलेल्या. शोधाचं टूल अक्षर न् अक्षर जुळवतं, पण वर्णनात तसं एक शब्दाने नाही. एजंट 'बेळगावी' शोधतो, शून्य मिळतं, पार्टीच नाही समजून नवी उघडतो. एका माणसाची दोन खाती. खानापूर शोधलं तर एक तालुका आपला, दुसरा सांगली जिल्ह्यातला. 'नावाने शोधू नका, जीएसटी क्रमांकाने शोधा' हे एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो हो? वर 'गेट_पार्टी' आणि 'फेच_पार्टी' अशी दोन टूलं. एक चालू वर्षाचं, दुसरं बंद खात्यांसकट. फरक कुठेच लिहिलेला नाही.

सगळ्यात चीड येते ती टाइमआउटची. बिल सर्व्हरवर तयार झालं, उत्तर मात्र वेळेत आलं नाही. एजंटने पुन्हा टूल चालवलं, दोन बिलं. पुन्हा चालवलेलं चालतं की नाही, टूल फक्त वाचतं की काही पुसतंही, हे सांगायच्या खुणा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला टूलं जोडायच्या ठरलेल्या पद्धतीत, मार्च २०२५ पासून आहेत. नुसत्या खुणेवर भागत नाही, सर्व्हरनेही तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर ओळखायला हवी. त्यासाठी विनंतीला एक 'की' (ओळखीचा क्रमांक) लावायची आणि वर्णनात लिहायचं, 'पुन्हा पाठवताना हीच की वापरा.' यांच्या टूलमध्ये खूणही नाही आणि कीही नाही.

आता आधीचं बिल २४ तासांच्या आत रद्द करायचं, आयजीएसटी लावून नवं काढायचं, मग ई-वे बिल. त्या बिलाच्या टूलला अकरा रकाने आहेत. आज सगळ्यांची वर्णनं लिहून पाठवा. 'स्टेट'पासून सुरुवात करा.