कुंड्या अडकवायला नसते हो सायकल

हायवेला लागून झालेला कुठलाही नवीन ढाबा, फार्महाऊस नाहीतर लग्नाचा लॉन बघा. दारातच एक जुनी सायकल उभी असते, चेनसकट पिवळ्या नाहीतर गुलाबी ऑइलपेंटने माखलेली, हँडलला कुंडी, कॅरिअरवर टोपली, आणि पोरंपोरी तिच्यापाशी उभं राहून फोटो काढतात, खाली लिहितात व्हिंटेज. परवा एका ठिकाणी भरीत खायला गेलो होतो, दारातल्या सायकलीचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बघितला तर दोन-दोन नळ्यांचा. हंबर! असा डबल चिमटा ही या इंग्लिश कंपनीच्या सायकलची खूण. मागचं चाक सिमेंटमध्ये गाडून टाकलेलं. मालकाला म्हटलं भाऊ ही चालली असती हो अजून, तर तो हसून म्हणे, आता कोण चालवतं दादा.

मी चालवतो ना. जळगावात राहतो, एमआयडीसीत कामाला जातो, जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर होत असेल, आणि हे सगळं जुन्या सायकलवर. त्यामुळे मला रस्त्यात दोनच प्रश्न येतात. एक, "काय साहेब, पेट्रोल परवडत नाही का?" आणि दुसरा, सिग्नलला गाडी शेजारी लावून, काच खाली करून, "काय भो, इकनी का?", विकायची का. म्हणजे माणूस एकतर गरीब आहे नाहीतर त्याच्याकडे अँटिक माल आहे. हा माणूस कामाला चाललाय आणि हे त्याचं वाहन आहे, एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही. माझं सगळं भांडण या दोन प्रश्नांशी आहे.

माझ्याकडे दोन आहेत. एक आबांची म्हणजे आजोबांची रॅले. आबा भुसावळला रेल्वेत होते, त्यांनी ती एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडून सेकंडहँड घेतलेली. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, स्टर्मी आर्चर कंपनीचं नाव आणि खाली ५४ कोरलंय, म्हणजे हब १९५४ सालचा. या हबमध्ये तीन गिअर आतमध्ये असतात, बाहेर काही लोंबत नाही. दुसरा गिअर सरळ, पहिल्यात चाक पाऊणपट फिरतं आणि तिसऱ्यात एक तृतीयांशाने जास्त, बस्स एवढंच गणित. हबवर छोटं झाकण आहे, त्यातून अधूनमधून चार थेंब तेल सोडायचं. सत्तर वर्षांच्या आसपास वय झालंय त्याचं आणि अजून आत काही बदलायची वेळ आलेली नाही. केबल मात्र नीट सेट पाहिजे, नाहीतर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल एकदम मोकळं सुटतं, आणि उभं राहून मारत असाल तर मग मधली आडवी नळी कुठे लागते ते सांगायची गरज नाही.

दुसरी अ‍ॅटलस, भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेली. साधी, बिनगिअरची, पुढे ४४ दात मागे १८. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या जवळपास, म्हणजे एका पायडलला साडेपाच मीटर रस्ता मागे जातो. पावसाळ्यात हीच काढतो.

लोकांना वाटतं जुन्या सायकलचं प्रेम म्हणजे आठवणींचं प्रेम. असेलही थोडंफार, आबांनी मला पुढच्या नळीवर टॉवेल गुंडाळून बसवलेलं आहेच. पण रोज सकाळी आठ वाजता निघायचं असेल तर आठवणींवर सायकल चालत नाही, तिची बनावटच तशी लागते. या सायकलीचा पुढचा चिमटा आजच्या सायकलींपेक्षा जास्त कललेला असतो आणि दोन चाकांतलं अंतर लांब, म्हणून खड्डा आला की दणका हातात येत नाही, फ्रेम गिळून घेते. टायर २८ बाय दीड. बसणं ताठ, मान सरळ, चारी बाजूला काय चाललंय ते दिसतं. गिअरकेस म्हणजे पूर्ण चेनकव्हर असेल तर चेनला धूळ लागत नाही आणि पँटला ग्रीस लागत नाही, मी तर इस्त्रीच्या कपड्यांत जातो. माझ्या ऑफिसातल्या एकाने मोठ्या हौसेने महागडी गिअरची सायकल घेतली, तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, दिवा नाही, डबा पाठीवर बांधून यायचा, पाठ ओली, सहा महिन्यात तिच्यावर कपडे वाळत घातलेले. सायकल वाईट नव्हती हो, पण ती कामाला जाण्यासाठी बनवलेलीच नव्हती. नेदरलँड्समध्ये बघा, ते लोक आजही असल्याच ताठ बसणीच्या, पूर्ण चेनकव्हरवाल्या सायकली नव्या घेतात आणि कामाला जातात, त्यांना कोणी व्हिंटेज म्हणत नाही.

आणि आपला खानदेश तर यासाठीच बनलाय असं माझं स्पष्ट मत आहे. तापीच्या खोऱ्यातला सपाट मुलूख, भुसावळ म्हणा, यावल-रावेर म्हणा, अमळनेर म्हणा, गावातल्या गावात चढ म्हणजे फक्त रेल्वेचा पूल. वीस किलोची सायकल डोंगरात ओझं होते, सपाटीवर एकदा गती धरली की तिचं वजनच तिला पुढे नेतं. राहिला प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे काय नवीन सांगायचं नाही. पण सकाळी आठला ऊन बरं असतं, डोक्याला आणि कानाला रुमाल बांधला की झालं, संध्याकाळी सहाला झळा लागतात तेव्हा सावकाश यायचं. तुम्ही बाईकवर त्याच झळा जास्त स्पीडने तोंडावर घेता, हा माझा नेहमीचा युक्तिवाद आहे, घरी चालत नाही तो भाग वेगळा.

काट्यांचं मात्र खरं. सराटा हा सायकलवाल्याचा खानदानी दुश्मन, मोकळ्या प्लॉटच्या कडेने गेलात की टायरला दहा चिकटलेले, त्यातून बाभळीच्या काट्यापासून वाचलात तर वाचलात. म्हणून टायर जाड घ्यायचा आणि घरी पोचल्यावर हात फिरवून काटे काढून टाकायचे, आत जायच्या आत. आणि काळ्या मातीत पावसाळ्यात उतरायचंच नाही, ती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही, मग काडीने कोरत बसा.

आता खरा मुद्दा. जुनी सायकल टिकते कारण ती उघडता येते. पूर्ण उघडता येते. छर्रे, कोन, एक्सल, फ्रीव्हील, ब्रेकचे रबरी गट्टू, सगळं सुटं, सगळं बदलता येतं. आमच्या रस्त्यात एक चाचा बसतात, टपरीसुद्धा नाही, झाडाला ट्यूब बांधलेली आहे तीच त्यांच्या दुकानाची पाटी. पायडल मारताना एका ठराविक जागी टक् असा धक्का बसायला लागला की समजायचं कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) एक्सलला धरणारी पिन, ढिला झाला. चाचांचं काम बघण्यासारखं असतं. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपाचा तुकडा उभा टेकवतात, म्हणजे हातोड्याचा मार आतल्या छर्‍यांवर जात नाही, मग दोन ठोक्यात जुनी पिन खाली. नवीन पिन तशीच ठोकत नाहीत. तिच्या चपट्या बाजूला चेनचं काळं तेल लावून आत घालतात, बाहेर काढून उजेडात धरतात, जिथे घासलं गेलंय तिथे कानस मारतात, परत घालतात, परत बघतात. दोन्ही बाजूच्या पिना उलटसुलट दिशेने जातात, ते चुकलं तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत, आणि हे त्यांना पाठ आहे, बोलता बोलता करतात. शेवटी नट आवळून म्हणतात, "दो दिन चलाओ, फिर आना, कसके देता." दोन दिवसांनी परत कसायचा ठोका फुकट. जाताना वाल ट्यूब बदलून देतात, ती रबराची इवलीशी नळी, तिच्यावर अख्खी हवा तरलेली असते.

पण चाचांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. एका पंक्चरला जे पैसे देताना आपण घासाघीस करतो त्यात कोण आपल्या पोराला सायकलच्या धंद्यात बसवेल? मेकॅनिक गेला की सायकल गेली, हे मात्र लिहून ठेवा. कंपन्या बंद पडल्या त्याचं मला तेवढं दुःख नाही. वरळीची हिंद गेली, आसनसोलची सेन-रॅले गेली, अ‍ॅटलसने १९५१ ला सोनीपतला सुरुवात केली आणि साहिबाबादच्या कारखान्याचं काम थांबलं ते २०२० च्या ३ जूनला, नेमकं जागतिक सायकल दिनाला. तरीसुद्धा २८ बाय दीडचा टायर, रॉड ब्रेकचे गट्टू, कॉटर, फ्रीव्हील आजही तालुक्याच्या गावात मिळतं, कारण त्याच मापाच्या काळ्या सायकली लुधियानात अजून बनतात आणि दूधवाले, कुल्फीवाले त्या अजून घेतात. म्हणजे माझी इंग्लिश रॅले जिवंत आहे ती कुल्फीवाल्याच्या उपकारावर, हौशी संग्राहकांच्या नाही.

संग्राहकांवरून आठवलं. हल्ली खेडोपाडी फिरून जुन्या सायकली उचलणारे एजंट आलेत. म्हातारीला हजार-दोन हजार देतात आणि पुण्या-मुंबईला भाव लावतात. घेणारा काय करतो, तर मूळ काळा रंग, त्यावरच्या सोनेरी रेषा सगळं खरवडून गाडीसारखा चकचकीत पेंट मारतो, नवीन क्रोम करतो, स्टिकर लावतो आणि दिवाणखान्यात ठेवतो. अरे रंग उडालाय तर उडू दे ना. आमच्या आबांच्या पिढीला नुसत्या चेनव्हीलच्या, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चाकाच्या, जाळीवरून सायकल ओळखू यायची, रॅलेला बगळ्याची मान, रजला हाताचा पंजा, बीएसएला सरळ तीन अक्षरं. ही ओळख चालत्या सायकलवर होती, लांबून येताना दिसायची. भिंतीवर टांगलेल्या सायकलीची चेनव्हील कोण बघतंय.

खोड्याही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक चाललंय. रॉड ब्रेक पावसात भरवशाचा नाही. त्याचे गट्टू रिमच्या आतल्या बाजूला दाबले जातात, त्यामुळे चाक थोडं आऊट असलं तरी ब्रेक लागतो हा फायदा, पण रिम स्टीलची, ओली झाली की गट्टू नुसता घसरतो. पावसात मी ब्रेक आधीपासून हलका धरून ठेवतो, पाणी पुसलं जातं, आणि पुढच्या गाडीपासून लांब राहतो. डायनामो ६ व्होल्ट ३ वॅटचा, सायकल थांबली की दिवा गेला, म्हणून बॅटरीचा लाल दिवा मागे वेगळा लावलाय, तिथे मी मूळपणाचा हट्ट धरत नाही. ब्रुक्सची चामड्याची सीट आपल्या उन्हात तडकते, तिला तेल-मेण लागतं आणि पावसात प्लास्टिकची पिशवी. पेट्रोल पंपावरच्या पाइपाचं नोझल या वॉल्व्हला बसत नाही, घरी पंप पाहिजेच. हे जमत नसेल तर घेऊ नका, खरंच सांगतो.

आणि सगळ्यात मोठी अडचण सायकलीत नाहीच, रस्त्यात आहे. गावाच्या मधून हायवे, इच्छादेवी चौक ते अजिंठा चौफुली या तुकड्यात ट्रक, डंपर, रिक्षा आणि उलट्या बाजूने येणारे बाइकवाले या सगळ्यांच्या मधून जायचं. समांतर रस्त्यांसाठी या गावाने किती आंदोलनं केली, किती माणसं त्या हायवेवर गेली, ते जळगावकरांना सांगायला नको. मी जिथे जमेल तिथे आतल्या कॉलनीतून काढतो, पाच-सात मिनिटं जास्त लागतात, लागू देत. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायची, बिल्ला लावायची, रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचे, डबलसीट दिसली की उतरवायचे. म्हणजे निदान सायकल हे वाहन आहे हे सरकारला मान्य तरी होतं! आता पार्किंगमध्ये गेलं की वॉचमन म्हणतो, तिकडे कचराकुंडीच्या बाजूला लावा साहेब. एका ऑफिसात तर मला गाडी नंबर लिहायला सांगितला रजिस्टरमध्ये, मी म्हटलं नंबर नाही, तर म्हणे मग आत नाही सोडता येणार. शेवटी फ्रेमवरचा नंबर लिहिला, सीटच्या खाली ठोकलेला असतो तो, वॉचमनने वाकून चेक केला आणि सलाम ठोकला.

मला सायकल ट्रॅक नकोय, रिबन कापून महिनाभरात त्यावर पाणीपुरीच्या गाड्या लागतात. फक्त प्रत्येक ऑफिस, बँक, कोर्ट, दवाखान्यात सावलीतला एक लोखंडी स्टँड द्या, आणि चाचांसारख्यांना बसायला कोपरा, अतिक्रमणवाले आले की उचलून न नेता येईल असा. एवढ्यावर शाळेतल्या पोरींना सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलीसुद्धा घराच्या मागे गंजत न पडता चालतील, त्यांच्या वडिलांना कामाला जायला तरी होतील.

बरं, एक काम. रॅलेचा उजव्या बाजूचा बीबी कप, म्हणजे पायडलच्या एक्सलचे छर्रे ज्यात फिरतात ती वाटी, घासत आलाय. अस्सल इंग्लिश रॅलेला आटे इंचाला २६ असतात, बाकी बहुतेक सायकलींना २४, त्यामुळे बाजारातला बसत नाही, आणि चाचा म्हणतात जबरदस्ती केली तर फ्रेमचे आटे जातील. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, कुठेही कोणाच्या माळ्यावर, गोठ्यात जुन्या रॅलेचा सांगाडा पडलेला असेल तर भंगारात घालायच्या आधी मला मेसेज करा. सांगाडा तुमचाच राहू द्या, मला फक्त कप पाहिजे, आणि बदल्यात तुमच्याकडे चालू शकणारी एखादी जुनी सायकल असेल तर एक रविवार येऊन ती उघडून, रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून चालू करून देतो. अट एकच, तिला कुंडी अडकवायची नाही.