'हात वर-खाली करायला क्लिनिक कशाला?' : परखड यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

परखड यांना,

'फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये नक्की काय काय होतं?' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. दोन दिवस मुद्दाम थांबलो, कारण त्या रात्री लिहिलं असतं तर नको ते शब्द गेले असते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे उतरवतो:

"लेख कसला, क्लिनिकच्या दारावरची पाटी आहे. गुडघा, मान, लकवा, चक्कर, सगळं एकाच दुकानात. शेक घ्यायचा आणि हात वर-खाली करायचा, यासाठी दर खेपेला चारशे-पाचशे कोण मोजणार? माझ्या आईचा आखडलेला खांदा तेल चोळून घरीच बरा झाला. मशीनने खरंच किती फरक पडतो, आधी डॉक्टरकडे कधी जायचं, यावर अक्षर नाही. आणि बीपीटीएच चार नाही, साडेचार वर्षांचं असतं. किती मिळाले?"

आधी माझी चूक. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, आजवर साडेचार वर्षांचीच राहिली आहे, चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. मी इंटर्नशिप धरली नव्हती. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, हे इथले जुने वाचक जाणतात.

पण "किती मिळाले?" हे काय आहे? नऊ वर्षं मी हा ब्लॉग लिहितोय. एकही जाहिरात नाही. त्या लेखात एकाही क्लिनिकचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. मी बँकेत नोकरी करतो, रात्री जेवणं झाल्यावर लिहायला बसतो. ओळखपाळख नसलेल्या माणसाला पहिल्याच प्रतिक्रियेत विकला गेलास का म्हणून विचारायचं, आणि वर परखड असं नाव लावायचं. मुद्दा मांडा, हवा तितका कडक मांडा. पण समोरच्याच्या हेतूवर चिखल उडवून सुरुवात केली की पुढचा मुद्दा ऐकायची इच्छाच राहत नाही. तुमच्या वयाचा मला अंदाज नाही. मोठे असाल तर हे तुम्हाला शोभलं नाही, लहान असाल तर कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता ते "हात वर-खाली". हे वाक्य मला झोंबलं, आणि का झोंबलं ते सविस्तर सांगतो.

२०१६ च्या मार्चमध्ये आमच्या अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, वेळेवर दाखल केलं, बारा दिवसांनी घरी आणलं. मी घरातला कर्ता मुलगा. सकाळी त्यांना पलंगावरून उठवायचं काम माझं. मी काय करायचो? त्यांचा डावा हात धरून त्यांना ओढून बसवायचो. अण्णा कण्हायचे. मला वाटायचं, आजारच असा आहे, दुखणारच. पाचव्या दिवशी फिजिओ मॅडम पहिल्यांदा घरी आल्या आणि मला हात धरताना पाहून जवळजवळ ओरडल्याच. "दादा, हा हात ओढायचा नाही! याला खोबणीत धरून ठेवणारे स्नायूच झोपलेत."

मग त्यांनी माझी बोटं अण्णांच्या खांद्यावर ठेवून दाखवलं. हाडाचा गोळा आपल्या जागेवरून खाली उतरला होता, मध्ये बोटभर खळगा लागत होता. पॅरालिसिसमध्ये खांद्याचे स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच तो सांधा खाली सरकू लागतो, आणि मी रोज सकाळी त्याला वरून हिसका देत होतो. परखड, मी माझ्या वडिलांचा हात वर-खालीच करत होतो. घरच्या घरी, फुकट.

त्या मॅडमनी पहिल्या दिवशी कुठलंच मशीन लावलं नाही. त्यांनी आम्हाला उशा कशा लावायच्या ते शिकवलं: कुशीवर असताना लुळ्या हाताखाली उशी, पाठीमागे एक, दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. उठवताना कमरेला पट्टा बांधून धरायचं. अण्णांना म्हणायच्या, "काका, पाय मागे घ्या, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की उठा." आईला हे वाक्य इतकं पाठ झालं की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, नाक पुढे!" सात महिने मॅडम यायच्या. आधी रोज, मग दिवसाआड, मग आठवड्याला दोनदा. पाऊल लोंबत होतं म्हणून घोट्याला स्प्लिंट दिला. ऑक्टोबरमध्ये अण्णा काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. डाव्या हाताची बोटं शेवटपर्यंत नीट उघडली नाहीत, हेही सांगतो. पण पुढची सहा वर्षं संडासला ते स्वतः गेले. याची किंमत ज्याने घरात आजारी माणूस सांभाळला आहे त्याला विचारा.

आणि तुमच्या आईंचा खांदा. त्यांना आराम पडला याचा मला खरंच आनंद आहे. पण तेलाने बरा झाला हे कशावरून? फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, हा असा आजार आहे की आधी काही महिने नुसता ठणकतो, मग आखडून बसतो, मग हळूहळू सुटतो. एक ते तीन वर्षं लागतात आणि पुष्कळदा तो आपला आपण सुटतो. वर्षभर तेल चोळलं काय किंवा अंगारा लावला काय, श्रेय त्यालाच जाणार.

मला स्वतःला २०२१ मध्ये उजव्या खांद्याला तोच झाला. मला डायबेटिस आहे, आणि साखर असणाऱ्यांना हा जास्त होतो. मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना, बनियन घालायला बायको लागायची. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, दाराच्या चौकटीला लटका, मोकळा होईल. लटकलो. त्यानंतर तीन रात्री झोपलो नाही. क्लिनिकमध्ये गेलो तेव्हा त्यांनी आधी कोनमापकाने हात मोजला. बाजूने सत्तर अंशांपर्यंतच जात होता आणि बाहेरच्या बाजूला तर वळतच नव्हता. मग सांगितलं की तुमचा अजून ठणक्याचा टप्पा चालू आहे, आत्ता ताणायचं नाही, ताणलं तर भडकेल. म्हणून आधी वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून हलवणं आणि त्यांच्या हातांनी सांध्यातला गोळा अगदी बारीक-बारीक सरकवणं, एवढंच. दीड महिन्याने भिंतीवर बोटं चढवत नेणं, दोरीची कप्पी, टॉवेल पाठीमागून ओढणं. चार महिन्यांनी दीडशे अंश. म्हणजे हात वर-खाली करायचा हे खरंच, पण कधी करायचा, किती करायचा आणि कधी अजिबात करायचा नाही, हे कळण्यासाठीच तर ती साडेचार वर्षं असतात, जी तुम्ही मला मोजून दाखवलीत.

अजून एक सांगतो, मग हा विषय सोडतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचा सांधा बदलून घेतला. ऑपरेशन उत्तम. घरी आल्यावर सुनेने मायेने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली, कारण काकूंना त्याने बरं वाटायचं. तीन आठवडे उशी तिथेच. पाय वाकलेल्या अवस्थेतच धरला, सरळ होईना. उशी गुडघ्याखाली नाही, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची असते, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होतो. एवढंसं वाक्य. ते वेळेवर सांगायला कुणी नव्हतं म्हणून काकूंना पुढे दोन महिने रडत-रडत व्यायाम करावे लागले.

"सगळं एकाच दुकानात" याबद्दल. दुकान हा शब्द तुमचा. १९५० च्या दशकात पोलिओने लुळी पडलेली मुलं उभी करायची गरज पडली तेव्हा मुंबईत केईएममध्ये या शिक्षणाची शाळा सुरू झाली. हा विषय मुळात हालचालीचा आहे, आणि हालचाल शरीरात सगळीकडे असते. म्हणून लेखात यादी लांबली. छातीत कफ साचलेल्याला कफ बाहेर काढायला मदत करणं, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीवर परिणाम होणं) असलेल्या मुलाला मान धरायला शिकवणं, कानातले कण सरकून येणारी चक्कर डोकं ठरावीक क्रमाने वळवून घालवणं, बाळंतपणानंतर शिंकताना लघवी गळते म्हणून गप्प राहिलेल्या बायकांना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायला शिकवणं. यातलं शेवटचं लिहिल्यावर मला अकरा बायकांची पत्रं आली, की हे होतं हेच माहीत नव्हतं. तुम्हाला ती पाटी वाटली.

मशीनचं म्हणाल तर ध्वनिलहरींचं अल्ट्रासाउंड आणि सौम्य विजेच्या प्रवाहाची आयएफटी, टेन्स ही जोडीला असतात, मुख्य काम व्यायामाचं, हे कुठलाही चांगला फिजिओ सांगतो. कुणाला पूर्ण हिशेब हवा असेल तर तो वेगळा विषय आहे, माझा लेख त्यावर नव्हता. आधी डॉक्टरकडे कधी, हे तर सगळ्यांनाच कळतं: कंबरेबरोबर पाय लुळा पडला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तोंड वाकडं झालं, तर कुणी आधी शेक घ्यायला जात नाही. पेसमेकर असेल तर मशीनला हात लावू देण्याआधी सांगायचं. झालं. पैशांबद्दल, आम्ही अण्णांसाठी एका खेपेला ३०० रुपये देत होतो आणि ते जड जात होतं. पण चांगला फिजिओ घरी करायचे व्यायाम हातात देऊन मोकळं करतो. जो करत नाही तो बदला. फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारा. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. मात्र "किती मिळाले?" एवढे दोन शब्द तुम्ही स्वतः काढावेत अशी माझी मागणी आहे. अण्णा २०२२ मध्ये गेले. तो लेख मी त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात लिहिला होता. ते शब्द तिथे असेपर्यंत तुमच्या पुढच्या कुठल्याही प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.